हे लाइक नेमकं कुणी केलं?

"मी तर काहीच केलं नाही!" फेसबुकवर एखाद्याच्या नावाने भलताच व्हिडिओ पसरतो, पन्नास जणांना टॅग जातो, भाचा फोन करून विचारतो, "मामा, तुमच्या अकाउंटवरून हे काय आलंय?" आणि मामांच्या तोंडून हेच वाक्य निघतं. घरात त्यावर सहसा कुणाचा विश्वास बसत नाही. तरुण मंडळी गालातल्या गालात हसतात, "पासवर्ड सोपा ठेवला असणार" असा निकाल देऊन मोकळी होतात. मामांचं म्हणणं मात्र पुष्कळदा खरं असतं. क्लिक त्यांनी केलेला असतो, पण जे बटण दाबलं गेलं ते त्यांना दिसत नव्हतं, आणि जे दिसत होतं तिथपर्यंत क्लिक पोचलाच नाही.

या प्रकाराला क्लिकजॅकिंग म्हणतात. जुन्या कचेऱ्यांत टेबलावर काच असायची आणि काचेखाली कॅलेंडर, रेल्वेचं वेळापत्रक, एखादा गणपतीचा फोटो. आपण बोट गणपतीवर ठेवतो, पण ते लागतं काचेला. वेबपानाचंही असंच करता येतं. एका पानाच्या आत दुसरं पान चौकटीत बसवायची सोय फार पूर्वीपासून आहे; त्या चौकटीला आयफ्रेम म्हणतात. नकाशे, यूट्यूबचे व्हिडिओ अशाच चौकटींतून दिसतात. आता ही चौकट पूर्ण पारदर्शक करायची आणि सगळ्यांत वर ठेवायची. खाली मांजराचा व्हिडिओ, वर न दिसणारं फेसबुकचं लाइक बटण. तुम्ही 'प्ले' दाबता, ब्राउझर वरच्या बटणाचा क्लिक धरतो. त्याच्या दृष्टीने सगळं कायदेशीर असतं, कारण क्लिक खऱ्या माणसाने केलाय आणि तो माणूस फेसबुकात लॉग-इन आहे. लॉग-इनची खूण म्हणजे कुकी, आणि ती त्या चौकटीबरोबर आपोआप फेसबुकपर्यंत जायची.

म्हणून इथे पासवर्ड चोरीला गेलेला नसतो. दोन टप्प्यांचा ओटीपी लावला असेल तरी त्याचा इथे उपयोग नसतो, कारण दार उघडून आत बसलेले तुम्हीच असता. हे लक्षात घेतलं तर पुढचे निम्मे सल्ले वेगळे सांगावे लागत नाहीत.

जेरेमाया ग्रॉसमन आणि रॉबर्ट हॅन्सन या दोन सुरक्षा-संशोधकांनी २००८ मध्ये हे नाव रूढ केलं. त्यांनी दाखवलेल्या प्रकारांपैकी एकाने खळबळ उडाली होती: तेव्हा ब्राउझरमध्ये व्हिडिओ दाखवणाऱ्या फ्लॅश प्लेअरच्या सेटिंगचं पान असं पारदर्शक करून वापरणाऱ्याकडूनच त्याचा कॅमेरा आणि माइक चालू करून घेता येत होता. सोशल मीडियाला याची चव लागायला मग फार वेळ लागला नाही.

फेब्रुवारी २००९. ट्विटरवर अचानक हजारो लोकांच्या नावाने एकच ट्वीट दिसू लागलं: 'डोन्ट क्लिक' आणि पुढे एक छोटी लिंक. क्लिक करू नका म्हटल्यावर माणसं काय करणार! लिंक उघडली की एका साध्या पानावर एकच बटण, त्यावरही तेच शब्द. त्या बटणावर पारदर्शक चौकटीत ट्विटरचं पान बसवलेलं, लिहायच्या खणात तोच मजकूर आधीच भरून ठेवलेला, आणि दिसणाऱ्या बटणाच्या बरोबर वर ट्विटरचं न दिसणारं 'अपडेट' बटण. कुतूहलाने दाबलं की तुमच्याही नावाने तेच ट्वीट. तुमच्या मित्रांना वाटणार, हा काहीतरी गंमत दाखवतोय. त्यात ना व्हायरस होता, ना पैशांची चोरी. मला तरी या सगळ्या इतिहासात हा प्रकार सर्वांत बोलका वाटतो, कारण आमिष म्हणून त्यात काहीच नव्हतं. फक्त मनाई होती.

पुढच्या वर्षी खरा धंदा सुरू झाला. एप्रिल २०१० मध्ये फेसबुकने आपलं लाइक बटण बाकीच्या वेबसाइटांनाही वापरायला दिलं आणि महिना-दीड महिन्यात 'लाइकजॅकिंग'ची लाट आली. प्रॉमला, म्हणजे शाळेच्या नृत्यसमारंभाला, घातलेल्या कपड्यांमुळे शाळेतून निलंबित झालेली मुलगी, आठ वर्षं रोज स्वतःचा फोटो काढणारा माणूस, असे मथळे मित्रांच्या भिंतींवर दिसायचे. उघडलं की जवळजवळ कोरं पान आणि 'पुढे जाण्यासाठी इथे क्लिक करा' एवढीच ओळ. क्लिक कुठेही करा, ते लाइकच व्हायचं. याच्या पुढच्या आवृत्त्यांत एक लहानशी स्क्रिप्ट माउसच्या बाणावर नजर ठेवायची आणि अदृश्य बटण सतत त्या बाणाखाली सरकवत राहायची. तुम्ही पान बंद करायच्या विचाराने बाण हलवलात तरी बटण बरोबर असायचंच.

लाइक मिळवून कुणाचं काय भलं होणार, असा प्रश्न पडेल. लाइक ही फक्त पसरण्याची युक्ती होती. व्हिडिओ बघायच्या आधी 'तुम्ही १३ वर्षांपेक्षा मोठे आहात हे सिद्ध करा' म्हणून एक प्रश्नावली यायची, आणि प्रत्येक भरलेल्या प्रश्नावलीमागे जाहिरातदाराकडून मध्यस्थाला पैसे मिळायचे. व्हिडिओ बहुतेक वेळा नसायचाच. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचे महाधिवक्ता आणि फेसबुक यांनी अ‍ॅडसेंड मीडिया या जाहिरात कंपनीवर वेगवेगळे खटले भरले. क्लिकजॅकिंगने पसरवलेल्या सापळ्यांतून ही कंपनी महिन्याला १२ लाख डॉलरपर्यंत कमावते, असा आरोप होता. कंपनीने आरोप फेटाळले; त्याच वर्षी मे महिन्यात राज्याशी तडजोड होऊन तिने खटल्याच्या खर्चापोटी एक लाख डॉलर भरले.

आपल्याकडे याच प्रश्नावल्यांत मोबाइल नंबर मागायचे आणि मग बॅलन्समधून रोज चार-पाच रुपये कटायला लागायचे: जोक, क्रिकेट अलर्ट, राशिभविष्य, कशाकशाचे पॅक. अशा सेवांसाठी ग्राहकाची दोनदा संमती घेण्याची अट ट्राय या दूरसंचार नियामकाने २०१३ मध्ये कडक केली, तेव्हा त्याला बराच आळा बसला. तरीही आजी-आजोबांच्या प्रीपेड नंबरातून विनाकारण पैसे जात असतील तर १५५२२३ वर 'स्टॉप' असा एसएमएस पाठवून बघा.

आता थोडं दिलासा देणारं. पारदर्शक लाइक बटणाची ही जुनी युक्ती आज बरीच बोथट झाली आहे. वेबसाइटांना 'मला दुसऱ्याच्या चौकटीत बसवू नका' असं ब्राउझरला सांगता येतं. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ही सोय आणली आणि नंतर सगळ्यांनी ती घेतली. सफारीने २०२० पासून परक्या चौकटींना कुकी देणं बंद केलं, त्याच वर्षी क्रोमनेही नियम कडक केले. चौकटीतल्या फेसबुकला तुम्ही कोण हेच कळलं नाही, तर लाइक कुणाच्या नावावर पडणार? पण ठकसेन थांबले नाहीत. त्यांनी क्लिक पळवायचं कमी केलं आणि तुमच्याच हातून काम करून घ्यायला सुरुवात केली.

तुमच्याच हातांनी

स्क्रिप्ट म्हणजे ब्राउझरने वाचून अमलात आणायच्या सूचना. फेसबुकच्या पानावर फेसबुकची स्क्रिप्ट चालते, बँकेच्या पानावर बँकेची. परक्याची स्क्रिप्ट तुमच्या फेसबुकच्या पानात शिरली, तर तुम्हाला जे जे करता येतं ते सगळं तिला करता येतं: पोस्ट टाकणं, टॅग करणं, मेसेज पाठवणं, ग्रुपमध्ये घुसणं.

आत शिरायचा एक मार्ग म्हणजे साइटमधलीच चूक. ४ ऑक्टोबर २००५ रोजी सॅमी कामकार नावाच्या १९ वर्षांच्या मुलाने मायस्पेस या सोशल साइटवरच्या आपल्या प्रोफाइलमध्ये अशी स्क्रिप्ट दडवली. ते प्रोफाइल जो उघडेल त्याच्या मित्रयादीत सॅमी जाऊन बसायचा, 'सॅमी माझा हिरो' अशा अर्थाची ओळ त्याच्या प्रोफाइलवर उमटायची, आणि स्क्रिप्टची प्रतही तिथे राहायची. २० तासांत दहा लाखांहून जास्त प्रोफाइलं बाधित झाली. मायस्पेसला साइट बंद करावी लागली. सॅमीला पुढे तीन वर्षांची परिवीक्षा आणि कॉम्प्युटर वापरण्यावर निर्बंध, अशी शिक्षा झाली. ऑर्कुट ही तेव्हाची सोशल साइट वापरलेल्या वाचकांना सप्टेंबर २०१० मधला एक शनिवार कदाचित आठवेल: 'बोम साबादो' म्हणजे पोर्तुगीजमध्ये शुभ शनिवार, असं लिहिलेले स्क्रॅप, म्हणजे मित्रांचे संदेश, धडाधड येत होते. नुसता तो स्क्रॅप बघितला तरी तुमच्या नावाने पुढे जात होता. ऑर्कुट सर्वाधिक चालायचं ते ब्राझील आणि भारतात, त्यामुळे ती झळ आपल्याला थेट लागली. अशा चुका वापरणाऱ्याला कळू शकत नाहीत. त्या साइटवाल्यांनीच बुजवायच्या असतात.

दुसरा मार्ग मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. ऑर्कुटच्या काळात 'ही ओळ अ‍ॅड्रेस बारमध्ये पेस्ट करा, सगळ्या मित्रांना एकदम स्क्रॅप जाईल' असे नुस्खे कॉलेजांत सर्रास फिरायचे. 'जावास्क्रिप्ट' या शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ, कुणालाच न कळणारी, सगळे बिनधास्त चिकटवायचे. मे २०११ मध्ये ओसामा बिन लादेन मारला गेला, त्यानंतर फेसबुकवर त्याचा 'खरा व्हिडिओ' दाखवण्याच्या नावाखाली हेच झालं. 'सुरक्षा तपासणी' असं लिहिलेल्या पानावर कोणत्या कळा कोणत्या क्रमाने दाबायच्या ते दिलेलं असायचं: कॉपी, अ‍ॅड्रेस बार, पेस्ट, एंटर. व्हिडिओ तर नव्हताच. स्क्रिप्ट मात्र तुमच्या सगळ्या मित्रांकडे पोचायची. ब्राउझर कंपन्यांनी मग अ‍ॅड्रेस बारमध्ये पेस्ट केलेल्या ओळीतला 'जावास्क्रिप्ट' हा आरंभच छाटून टाकायला सुरुवात केली. ठकसेनांनी त्यावर दुसरी जागा शोधली: एफ-१२ दाबल्यावर उघडणारी प्रोग्रॅमरांची खिडकी, म्हणजे कन्सोल. आज कॉम्प्युटरवर फेसबुक उघडून तिथे डोकावलंत तर मोठ्या लाल अक्षरांत थांबण्याचा इशारा दिसेल. कुणी इथे काही पेस्ट करायला सांगितलं असेल तर ती फसवणूक आहे, असं खाली स्पष्ट लिहिलेलं आहे.

आणि आता, २०२४ पासून, त्याच 'सुरक्षा तपासणी'चा नवा अवतार आला आहे. त्याला क्लिकफिक्स म्हणतात. एखादी लिंक उघडता, 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' असा ओळखीचा चौकोन येतो. त्यावर टिक केली की खाली तीन पायऱ्या: विंडोजची कळ आणि आर दाबा, कंट्रोल आणि व्ही दाबा, एंटर दाबा. तुम्ही टिक केलीत त्याच क्षणी पानाने तुमच्या क्लिपबोर्डवर एक आज्ञा ठेवलेली असते. पहिल्या पायरीने विंडोजची 'रन' खिडकी उघडते, दुसरीने आज्ञा त्यात चिकटते, तिसरीने ती चालते. ही आज्ञा ब्राउझरमध्ये नाही, थेट कॉम्प्युटरवर चालते. काही क्षणांत साठवलेले पासवर्ड आणि लॉग-इनच्या कुकीज उचलून नेणारं सॉफ्टवेअर आत येतं. कुकी गेली म्हणजे तुमचं चालू सत्रच गेलं. चोराला ना पासवर्ड लागतो ना ओटीपी. फेसबुक पेज चालवणाऱ्या संस्था, नाट्यमंडळं, छोटे दुकानदार यांची पेजं रातोरात परक्यांच्या ताब्यात जातात, त्यामागे पुष्कळदा अशी कुकीचोरी असते.

तेव्हा नियम सोपा ठेवा. कोणतीही वेबसाइट, कोणत्याही कारणासाठी, काहीही कुठेही पेस्ट करून एंटर दाबायला सांगत असेल तर टॅब बंद करायचा. आपण माणूस आहोत हे सिद्ध करायला विंडोजची कळ कधीच लागत नाही.

क्लिक करण्याआधी

सर्वांत गुणकारी सवय सगळ्यांत कंटाळवाणी आहे: दोन ब्राउझर ठेवा. एकात बँक, मेल, फेसबुक, जिथे तुम्ही लॉग-इन असता. दुसरा भटकायला, त्यात कुठेही लॉग-इन करायचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली 'बघा काय झालं लोकलमध्ये' छापाची लिंक दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा. तिथे अदृश्य लाइक बटण असलं तरी ते लंगडं, कारण तुम्ही कोण हे त्याला माहीतच नाही. दुसरा ब्राउझर नको असेल तर इनकॉग्निटो खिडकीही चालते. आईवडिलांच्या लॅपटॉपवर हे एकदा लावून द्या. दोन चिन्हांना वेगळे रंग दिले की त्यांना अजिबात अडचण येत नाही.

कॉम्प्युटरवर संशयित पान उघडलंच असेल तर बाणाकडे लक्ष द्या. कोऱ्या जागेवरून किंवा साध्या चित्रावरून बाण नेताना त्याचा हाताचा पंजा झाला, तर तिथे काहीतरी दाबता येण्यासारखं आहे. टॅबची कळ काही वेळा दाबून बघा. निवड न दिसणाऱ्या ठिकाणी जाऊन थांबत असेल तर ते पान सोडा. यातून प्रत्येक सापळा पकडता येत नाही, चलाख माणूस हे दोन्ही लपवू शकतो. मोबाइलवर बाणच नसतो. तिथे लिंकवर बोट दाबून धरलं की पूर्ण पत्ता दिसतो, तो वाचा. आणि फेसबुकच्या आतच उघडणाऱ्या छोट्या खिडकीत पत्ता पुरता दिसत नाही, म्हणून फेसबुकच्या सेटिंगमध्ये जाऊन लिंक बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडण्याचा पर्याय चालू करा.

एखादं पान बटणावर डबल-क्लिक करायला सांगतंय? निघा तिथून. वेबवर बटण दाबायला एक क्लिक पुरतो. पाउलोस यिबेलो या संशोधकाने २०२४ च्या अखेरीस दाखवून दिलं की दोन क्लिकांच्या मधल्या निमिषात वरची खिडकी बंद करून खालच्या खऱ्या साइटचं 'परवानगी द्या' बटण पुढे आणता येतं. दुसरा क्लिक त्यावर पडतो आणि तुमच्या खात्याची किल्ली परक्या अ‍ॅपला मिळते. यात पारदर्शक चौकट नसल्यामुळे जुनी संरक्षणं इथे लागूच होत नाहीत.

नोटिफिकेशनचा सापळा तर रोजचा झाला आहे. 'तुम्ही रोबॉट नाही ना? मग अलाऊ दाबा.' हे अलाऊ म्हणजे त्या साइटला तुमच्या फोनवर हवं तेव्हा सूचना पाठवायची मुभा. नंतर 'तुमच्या फोनमध्ये पाच व्हायरस आहेत', 'तुमचं पार्सल अडकलंय' अशा सूचना येतात आणि माणूस घाबरून त्यावर क्लिक करतो. यासाठी कुणाला पैसे देऊन फोन दुरुस्त करून घ्यायची गरज नाही. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग, तिथे नोटिफिकेशन, आणि यादीतली अनोळखी नावं काढून टाकायची, बस्स.

ब्राउझरची एक्स्टेन्शनं, म्हणजे त्याला जोडलेली छोटी सॉफ्टवेअरं, एकदा नीट तपासा. 'प्रोफाइल कुणी बघितलं ते कळा', 'फेसबुकचा रंग बदला' असली एक्स्टेन्शनं हा जुना आणि अजून चालणारा मार्ग आहे. २०१८ मध्ये मेसेंजरवर एक लिंक फिरत होती; ती नकली यूट्यूबवर न्यायची आणि व्हिडिओ दिसायला एक्स्टेन्शन घालायला सांगायची. ते घातलं की तुमच्या मित्रांना पुढच्या लिंका तुमच्याच नावाने जायच्या. पासवर्ड साठवणारी एक्स्टेन्शनं चांगली असतात, जरूर वापरा, पण अद्ययावत ठेवा. ऑगस्ट २०२५ मध्ये मारेक तोथ या संशोधकाने दाखवलं की त्यांच्या 'भरून टाका' या खणावरही क्लिकजॅकिंग करता येतं: कुकीचा नेहमीचा फलक बंद करायला क्लिक करावं आणि कार्डाचे तपशील भरले जावेत. क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शनला 'क्लिक केल्यावरच' साइटवर प्रवेश देण्याचा पर्याय असतो, तो निवडला की हा धोका पुष्कळ कमी होतो.

फोनवर काचेचा हाच खेळ एखादं अ‍ॅपही करू शकतं. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅपला दुसऱ्या अ‍ॅपच्या वर चित्र दाखवण्याची परवानगी असते. अँड्रॉइड १२ पासून अशा परक्या आवरणातून खाली जाणारे स्पर्श फोन बरेचसे अडवतो, पण जुने फोन घरोघरी आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर 'लग्नाची पत्रिका', 'आरटीओ चलन', 'पीएम किसान' अशा नावाने एपीके, म्हणजे फोनवर अ‍ॅप बसवणारी, फाइल येते, ती घातली की 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' मागते. ती परवानगी मिळाली की ठकसेनाला क्लिक चोरायचीही गरज राहत नाही. अ‍ॅप स्वतःच तुमच्या वतीने बोट फिरवतं आणि एसएमएसची परवानगीही पदरात पाडून घेतलेली असेल तर ओटीपीही वाचतं. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते. एपीके म्हणून कुणाचंही लग्न येत नाही.

घडून गेल्यावर

इथे सगळ्यात मोठी अडचण तंत्राची नसते, लाजेची असते. अश्लील व्हिडिओचा टॅग निवृत्त मुख्याध्यापकांच्या नावाने माजी विद्यार्थ्यांना गेला, तर सर दोन दिवस फेसबुक उघडत नाहीत, घरी बोलत नाहीत. तेवढ्या वेळात सापळा आणखी शंभर जणांपर्यंत पोचतो. म्हणून पहिलं काम सांगून टाकण्याचं. आपल्या भिंतीवर आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन ओळी पुरतात: 'माझ्या नावाने एक लिंक गेली आहे. ती मी पाठवलेली नाही. उघडू नका, उघडली असेल तर मला फोन करा.' खुलासे, माफी, कुणी केलं असेल याचे तर्क, काही नको. आणि अशी पोस्ट दुसऱ्याच्या नावाने दिसली तर तिच्याखाली थट्टेची कॉमेंट टाकण्यापेक्षा त्या माणसाला सरळ फोन करावा.

पुसायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या आणि लिंकचा पत्ता कॉपी करून ठेवा; तक्रार करायची झाली तर तोच पुरावा. मग झालं काय ते ओळखायचं, कारण उपाय त्यावर ठरतो. एकच लाइक किंवा एकच पोस्ट गेली आणि नंतर शांत असेल, तर ती बहुधा क्लिकची चोरी. फेसबुकच्या 'अ‍ॅक्टिव्हिटी लॉग'मध्ये जाऊन ते लाइक आणि पोस्ट काढा, अनोळखी पेज अनलाइक करा. पासवर्ड बदललात तर हरकत नाही, पण दुखणं तिथे नव्हतं.

पोस्टी वारंवार जात असतील तर कॉम्प्युटर एक दिवस बंद ठेवून बघा. तेवढ्या वेळात थांबल्या, तर संशय एक्स्टेन्शनवर. सगळी काढून टाका. कॉम्प्युटर बंद असतानाही चालूच राहिल्या, तर किल्ली दुसऱ्याच्या हातात आहे. सेटिंगमध्ये 'अ‍ॅप्स अँड वेबसाइट्स' इथे अनोळखी अ‍ॅपांची परवानगी काढा, कुठे-कुठे लॉग-इन आहे त्या यादीत सगळी उपकरणं बाहेर काढा, आणि मग पासवर्ड बदला. क्रम महत्त्वाचा आहे: नुसता पासवर्ड बदलून बसलात तर जोडलेलं अ‍ॅप आतच राहू शकतं.

'रन' खिडकीत काही पेस्ट करून चालवलं असेल तर मात्र वेळ घालवू नका. वायफाय बंद करा. दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून आधी मेलचा, मग बँकेचा, मग बाकीचे पासवर्ड बदला आणि प्रत्येक ठिकाणी सगळी सत्रं संपवा. तो कॉम्प्युटर जाणकाराकडून फॉरमॅट करून घेतल्याशिवाय त्यावर पुन्हा लॉग-इन करू नका. नुसतं अँटिव्हायरस चालवून मला तरी समाधान वाटणार नाही.

पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० ला फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. पैसे गेले नसले तरी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख अप्रामाणिकपणे वापरणं, आणि कॉम्प्युटरच्या मदतीने तोतयेगिरी करून फसवणं, यांसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६ क आणि ६६ ड ही कलमं आहेत. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

शेवटी वेबसाइट चालवणाऱ्यांसाठी थोडं. शाळा, पतसंस्था, दिवाळी अंक, गृहनिर्माण संस्था, सगळ्यांच्या साइटी असतात आणि सभासदांचं लॉग-इनही असतं. तुमची साइट दुसऱ्या कुणाच्या काचेत बसवता येते का, हे पाच मिनिटांत कळतं. नोटपॅडमध्ये एक साधी एचटीएमएल फाइल बनवा, तिच्यात आयफ्रेम टाका आणि पत्ता तुमच्या लॉग-इनच्या पानाचा द्या. ती क्रोममध्ये उघडा. चौकटीत तुमचं पान दिसलं, तर साइट बनवणाऱ्याला सांगा की 'कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी'मध्ये 'फ्रेम-अ‍ॅन्सेस्टर्स'ला 'सेल्फ' ही किंमत द्या आणि जुन्या ब्राउझरांसाठी 'एक्स-फ्रेम-ऑप्शन्स' लावा. सर्व्हरच्या सेटिंगमधल्या दोन ओळींचं हे काम आहे, त्यासाठी कुणी हजारो रुपये मागत असेल तर दुसरा माणूस बघा. तुमची साइट मुद्दामच दुसरीकडे चौकटीत दाखवली जात असेल, तर तेवढेच पत्ते अपवाद म्हणून घालून घ्या. पैसे पाठवणं, पासवर्ड बदलणं अशा बटणांवर आणखी एक उपाय करता येतो: पान उघडल्यावर माउस हलेपर्यंत किंवा एखादी कळ दाबेपर्यंत ते बटण बंद ठेवायचं, म्हणजे डबल-क्लिकवाल्यांचा दुसरा क्लिक वाया जातो. बदल झाल्यावर तीच फाइल पुन्हा उघडा. आता चौकटीत साइटने जोडणी नाकारल्याचा संदेश दिसायला हवा.